सत्यवानाचा अवसार

पूजाचं पत्र आलं तेव्हा काजूला मोहर होता. त्यानंतर काजूचे दोन हंगाम उलटले, तरी मी त्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं.

मी पत्रांना उत्तर न देणारा माणूस नाही. दोडामार्गच्या वाचनालयात छत्तीस वर्षं ग्रंथपाल होतो. पुस्तक हरवलं म्हणून शिव्या देणाऱ्या वाचकालाही मी दोन ओळी लिहीत असे. तोंडाने बोलायला मला जमत नाही, लिहायला थोडं जमतं असा माझा समज होता. पूजाच्या पत्रापुढे तोही गेला.

ती कोल्हापूरला नर्सिंग शिकते. लिहिलं होतं:

‘काका, तुम्ही फोन उचलत नाही म्हणून लिहिते. आमच्या वॉर्डात एक पेशंट होता. दारू एकाएकी बंद केलेली. तिसऱ्या दिवशी तो चादरीवरून नसलेले किडे वेचू लागला. अंगाला दरदरून घाम, ताप, नाडी मोजता येईना. सिस्टरला त्याने लाथ मारली. चौघांनी धरून इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. सहाव्या दिवशी त्याने पेज खाल्ली आणि गाईला कोण बघतंय म्हणून विचारलं. मग स्वतःच्या पायांनी घरी गेला. माझे बाबा चौथ्या दिवशी गेले. त्यांना असंच झालं होतं का? त्यांनी माझ्यावर कोयता उगारला तेव्हा तुम्ही सगळ्यात जवळ होता. ते काहीतरी बोलले होते. काय बोलले? आणि काका, तुमच्या हातात एक कागद होता. तो कसला होता?’

तिचे बाबा म्हणजे सत्यवान. आमच्या दोन घरांमध्ये फक्त एक दगडी गडगा आहे, कमरेएवढा. सत्यवान गोव्यातल्या कंपन्यांत जाणाऱ्या कामगारांची बस चालवायचा. हद्दीपलीकडे दारू स्वस्त. आधी तो संध्याकाळी प्यायचा, मग दुपारी, मग पहाटे. शेवटच्या वर्षी पहाटे दोन घोट पोटात गेल्याशिवाय त्याच्या हाताने बसची चावी भोकात जात नसे. मी गडग्याजवळ दात घासत हे रोज बघायचो. तो दोन घोट घ्यायचा, पाच मिनिटं थांबायचा, हात पुढे धरून बघायचा आणि मग चावी लावायचा.

एका सकाळी बस कठड्यावर गेली. एका बाईचा पाय मोडला. सत्यवानाची नोकरी गेली.

तेव्हा त्याच्या थोरल्या भावाने, चंदनने, ठरवलं की देवळात शपथ घालायची. आमच्याकडे हा शेवटचा इलाज. सोमवारी सकाळी गाव जमला. गाऱ्हाणं झालं, सगळे ‘होय म्हाराजा’ म्हणाले. अकरा वर्षांच्या पूजाने बापाच्या हातात नारळ दिला. तिने दिलेला नारळ तो मोडणार नाही, ही कल्पना चंदनची. सत्यवान म्हणाला, “आजपासून थेंब नाय.” आवाज खणखणीत होता.

संध्याकाळी तो माझ्या पडवीत येऊन बसला. बाकीच्या सगळ्या वाटा बारवरून जातात म्हणाला. मी चहा दिला. कप उचलताच अर्धा चहा त्याच्या मांडीवर सांडला. बशीत कप वाजत राहिला. जानेवारीतली थंडी होती आणि त्याच्या बनियनमधून घाम गळत होता.

“काकानू,” तो म्हणाला, “वायच घेतलंय तर हात थांबतले. पिवक नाय, औषधासारख्या. तुमी सांगश्यात तसा.”

“चेडवाच्या हातचो नारळ घेतलंस,” मी म्हणालो. “शब्द दिलंस तो पाळ.”

मला आठवतं, हे वाक्य बोलल्यावर मला बरं वाटलं होतं. मी कुणाला असं ठाम काही सांगत नाही. तो मान हलवून म्हणाला, “होय, तां पण खरा,” आणि ओले हात लुंगीला पुसत घरी गेला.

मंगळवारी त्याच्या पोटात पाणी ठरेना. दुपारी परत पडवीत आला. माझ्याशी बोलता बोलता लुंगीवरून काहीतरी चिमटीत धरून खाली टाकत होता.

“काय रे?”

“ओंबील,” तो म्हणाला. म्हणजे लाल मुंग्या. लुंगीवर काही नव्हतं. थोड्या वेळाने म्हणाला, “काकानू, रेडिओ बंद करा, डोक्यात जाता.” माझ्याकडे रेडिओ नाही.

तो गेल्यावर मी वाचनालयात गेलो. तिथे घरगुती वैद्यकाचं एक जाड पुस्तक होतं, कुणी न नेणारं. त्यात दारू तोडल्यावर होणाऱ्या विकारावर दोन पानं निघाली. मी ती उभ्या उभ्या दोनदा वाचली. हातांची थरथर, घाम, नाडीचा वेग, ताप, नसलेलं दिसणं आणि ऐकू येणं, मध्येच फिट. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हे सगळं कळसाला जातं, रोगी हिंसक होतो, उपचार न मिळाल्यास दगावू शकतो. रोज पिणाऱ्याची दारू घरी एकाएकी तोडू नये, त्याला इस्पितळात न्यावं. मी हे एका कागदावर उतरवून घेतलं आणि खिशात ठेवलं.

त्याच वेळी मी त्याच्या घरी जायला हवं होतं. मी घरी गेलो आणि विचार केला की पुस्तक जुनं आहे, परदेशातल्या रोग्यांवरून लिहिलेलं आहे, आणि आपण डॉक्टर नाही. उद्या बघू.

बुधवारी उजाडताना मथुरेची, म्हणजे त्याच्या बायकोची, किंकाळी ऐकू आली. मी गडगा ओलांडून गेलो. सत्यवान ओटीवर लाकडासारखा ताठ झाला होता. डोळे वर गेलेले. सगळं अंग जमिनीवर आपटत होतं, टाचांची सालं निघाली होती. दातांखाली जीभ आली होती आणि फेस लाल होता. मिनिट-दीड मिनिटाने सुटला. लुंगी भिजलेली. घोरल्यासारखा श्वास घेत तासभर पडून राहिला.

मग उठून बसला आणि डोळे सताड उघडे ठेवून कापायला लागला. पायाच्या बोटांपासून जबड्यापर्यंत. तोवर शेजारपाजारचे जमले होते. चंदन बागेतून तसाच आला होता. त्याने भावाकडे बघितलं आणि हात जोडले.

“आजोबांचो अवसार,” तो म्हणाला. “परत इलो.”

सत्यवानाच्या आजोबांच्या अंगात देव यायचा. ते गेल्यावर वीस वर्षं त्या घरात कुणाला अवसार आला नव्हता. घरातले वाट बघत होते, आणि शपथ घेतल्यावर तिसऱ्या दिवशी अंग कापायला लागलं. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं. पण मी त्यांच्या जागी नव्हतो. माझ्या खिशात कागद होता.

उदबत्त्या लागल्या. सत्यवानाच्या कपाळाला भंडारा फासला, तो घामाने लगेच ओघळला. लोक प्रश्न विचारायला लागले. एकीने विचारलं, विहिरीक पाणी खंय लागात? सत्यवान भिंतीकडे बघत म्हणाला, “भितीतसून येतत. बघा, बघा, येतत.”

“भितीच्या बाजूक,” कुणीतरी अर्थ लावला.

मग त्याचे हात गोल फिरायला लागले. दोन्ही हात समोर धरून, डावीकडे, उजवीकडे. “देव तलवार फिरवता,” चंदन म्हणाला. मला दिसत होतं की सत्यवान बस चालवतोय. पाय ब्रेक शोधत होता. “मानसा खाली आसत रे,” तो ओरडला. “थांबना नाय, ही थांबना नाय.” लोकांनी जमिनीला डोकी टेकवली.

मी ओटीवरच्या बाकावरून उभा राहिलो. कागद हातात घेतला. रात्रभर एक वाक्य घोकलं होतं.

“चंदन,” मी म्हणालो, “ह्यो रोग आसा. ह्याका आत्ताच्या आत्ता बांबोळीच्या इस्पितळात न्यावक होयो. हयसर लिवलेला आसा.”

“काकानू,” चंदन म्हणाला, “तुमचा पुस्तक तुमच्या कपाटात. हयसर देव बोलता.”

“देवाक कार्ड काढून दिवा वाचनालयाचा,” मागून कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले. मी कागदाची घडी घातली. मी परत बाकावर बसलो.

पुढचं सगळं एखाद्या मिनिटात झालं. चंदन पाया पडायला वाकला. त्याच्या कंबरेच्या आकडीत कोयता होता, बागेत जाणाऱ्या प्रत्येकाच्या असतो तसा. सत्यवानाने तो उपसला. पूजा माझ्या बाकाशेजारी खांबाला टेकून उभी होती, दोन वेण्या पुढे घेतलेल्या. तो तिच्याकडे वळला. चेहऱ्यावर राग नव्हता. तो भ्यालेला होता, आणि इतक्या हळू बोलला की मलाच ऐकू आलं.

“पुजा, हलां नको गो बाय. येणीत फुरसां आसा.”

फुरसं हा विषारी साप, तो चावलेलं माणूस आमच्याकडे प्रत्येकाने पाहिलेलं असतं. तो तिच्या वेणीत ते बघत होता. बापाने जे केलं असतं तेच तो करत होता. पण पूजा हलली. तिने मागे उडी मारली आणि त्याने कोयता घातला. मथुरा मध्ये आली. घाव तिच्या डाव्या हातावर बसला, मनगटाच्या वर. रक्त माझ्या धोतरावर उडालं. कोयता पुन्हा वर गेला, “गेला, थयसर गेला,” असं ओरडत त्याने खांबावर घातला, परत घातला, लाकडाच्या ढलप्या उडाल्या. एकाने मागून मिठी मारली, त्याला त्याने भिंतीवर भिरकावलं. दोन दिवस न जेवलेला माणूस. चंदनने दाराचा अडसर काढून त्याच्या गुडघ्यामागे हाणला, मग पाठीत, मग खांद्यावर. कोयता पडला. तरी तो चावत होता, लाथा मारत होता. तिघं त्याच्यावर बसले. त्याचं तोंड जमिनीत दाबलेलं होतं आणि तिथूनही तो म्हणत होता, “येणीत, येणीत.”

चंदन धापा टाकत म्हणाला, “देव न्हय ह्यो. देव आपल्या बायलेचो हात कापना नाय. दुसरोच कोण शिरलो.”

एवढं पुरलं. पाच मिनिटांपूर्वी ज्याच्या पायावर डोकी ठेवत होते त्याला त्यांनी सुंभाने बांधून मांगरात नेला. त्या मांगरात गवत आणि नांगर ठेवायचे. मिरच्यांची धुरी दिली. जो कोण शिरला होता त्याचं नाव विचारत दोरीच्या पिळाने मारलं. सत्यवान कधी बसच्या स्टॉपची नावं सांगे, कधी पूजाचं. प्रत्येक नावाला फटका बसत होता. त्याच्या किंकाळ्या गडग्याच्या अलीकडे येत होत्या. मी दार लावून घेतलं होतं.

मथुरेला रिक्षाने इस्पितळात नेलं, चौदा टाके पडले. रिक्षावाल्याबरोबर डॉक्टरांना चिठ्ठी देता आली असती. मला ते त्या संध्याकाळी सुचलं.

संध्याकाळी मी मांगरात गेलो. सत्यवानाचं कपाळ चुलीच्या दगडासारखं होतं. मनगटाला हात लावला, नाडी नुसती फडफडत होती. डोळे सुजलेले, ओठ फाटलेले, आणि बांधलेल्या हातांची बोटं अजून गोल फिरत होती. मी चंदनला पुन्हा सांगितलं. तो रडत होता. “शुक्रवारी घाडी येतलो भूत उतरवूक,” म्हणाला. “तवसर काय जावचा नाय.” मी वाद घातला नाही.

गुरुवारी दुपारी सत्यवानाला पुन्हा फिट आली. दोऱ्या मांसात रुतल्या. फिट थांबली तेव्हा श्वासही थांबला.

दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याचं लिहिलं गेलं. तेराव्याला कुणाला तरी मांगरामागे एक रिकामी बाटली सापडली, जुनी, आत कोळ्याचं जाळं. आणि गावाने शेवटचा अर्थ लावला. सत्यवान चोरून प्याला, शपथ मोडली, देव कोपला. म्हणून पोरीवर कोयता घेऊन गेला. हे बारा वर्षं चाललं. मी ऐकत राहिलो.

पत्र आल्यावर मी सात-आठ वेळा लिहायला बसलो. सत्यवानाला काय झालं होतं ते लिहिता येत होतं. कागदाच्या प्रश्नापाशी आलं की वाक्य बिघडायचं. दोन शब्द बदलायचो, मग पानच फाडायचो.

गेल्या रविवारी सकाळी मथुरा आली. ओंजळभर ओले काजूगर घेऊन आली होती. डाव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत, म्हणून पिशवी कोपरात अडकवलेली. मी पाण्याचा तांब्या दिला.

“काकानू, पुजाक वायच समजवा. तुमचा ऐकता. सोयरीक बरी आसा, कणकवलेची. पोरगो शिकलेलो. ही म्हणता लगीनच नको.”

“कित्याक?”

“म्हणता, ज्या बापाशीन माका तोडूक बघल्यान त्याचा रगत माज्या आंगात आसा. उद्या माका पोर झाला आणि माजोच हात उठलो तर?” मथुरेने पदराने तोंड पुसलं. “मी काय सांगतलंय तिका? माजो हात तिच्यासमोरच आसा.”

मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग सांगितलं. बसलो होतो तिथूनच, तिच्याकडे न बघता. हात थरथरण्यापासून सुरुवात केली. वेणीतल्या फुरशापर्यंत आलो तेव्हा तिने तोंडाला लावलेला तांब्या खाली घेतला.

“म्हणजे तो पिलो नव्हतो?” तिने विचारलं.

“नाय.”

“एक थेंब?”

“एक थेंबसुदा नाय. पिलो असतो तर कदाचित त्या आठवड्यात मेलो नसतो. आणि इस्पितळात नेलो असतो तर वाचलो असतो.”

“आणि तुमका तां म्हायत होता.”

“मंगळवारपासून.”

तांब्या माझ्या भुवईवर आदळला. चष्म्याची एक काच फुटून गालावर आली. ती उठून माझ्यापर्यंत आली आणि उजव्या हाताने तिने माझ्या तोंडात मारली. परत मारली. डाव्या हाताने सदऱ्याची कॉलर धरायला बघत होती, ती दोन बोटं मिटत नव्हती, कॉलर सुटत होती, आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता. मी बाहत्तर वर्षांचा आहे. मला आयुष्यात कुणी मारलं नव्हतं. मी हात वर केला नाही.

“बारा वर्सां,” ती म्हणाली. “बारा वर्सां मी त्या देवळात नाक घासतंय, घोवान शपथ मोडली म्हणान. चेडू बापाशीचो फोटो लावूक देयना नाय. आणि तुमी गडग्यापलीकडे पुस्तका वाचीत रवलास.”

“होय.”

ती पायरीवर बसली. काजूगर सगळ्या पडवीत पसरले होते. जवळचे दोन-चार तिने ओंजळीत वेचले. मग म्हणाली, “लिवा तिका.”

“लिवतंय.”

“सगळा लिवा. मांगरात सुंभ खंय आसा तां मीच बोटान दाखयलंय. ह्या हातातसून रगत जाय होता आणि दुसऱ्या हातान दाखयलंय. तां पण लिवा.”

“मथुरा, तां कित्याक—”

“लिवा म्हणतंय मां. आणि तुमचा कागदाचा पैला लिवा. मागसून लिवक गेलास तर पान संपला म्हणान सोडून देश्यात. मी वळखतंय तुमका.”

ती गेली. मी भुवईला फडका बांधला आणि एका काचेतून बघत टेबलाशी बसलो. उजवी बाजू धूसर दिसत होती, अक्षर वाकडं आलं. या वेळी ते सुधारलं नाही.

‘चि. पूजा,

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेतो. तो कागद तुझ्या बाबांच्या रोगाचा होता. तू वॉर्डात जी लक्षणं पाहिलीस ती सगळी मी आदल्या दिवशी वाचनालयात वाचून त्यावर उतरवली होती. इस्पितळात न्यावं हेही त्यात होतं. मी ते एकदा बोललो, लोक हसले आणि मी गप्प बसलो. दुसऱ्यांदा बोललो तेव्हा तुझा काका रडत होता, म्हणून गप्प बसलो. सोमवारी त्यांनी मला विचारलं होतं, थोडी घेऊ का. मी नको म्हणालो. तेव्हा मला माहीत नव्हतं. मंगळवारनंतर माहीत होतं.

तुझे बाबा प्यायले नव्हते. तू दिलेला नारळ त्यांनी मोडला नाही. गाव म्हणतो ते खोटं आहे, आणि खोटं आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

त्यांनी तुझ्यावर कोयता उगारला नाही. तुझ्या वेणीत त्यांना फुरसं दिसत होतं. ते म्हणाले, “पुजा, हलां नको गो बाय. येणीत फुरसां आसा.” हेच शब्द. त्यांना खाली पाडलं तरी ते वेणी, वेणी म्हणत होते. तू हललीस यात तुझा दोष नाही, अकरा वर्षांची मुलगी हलणारच. तो कोयता त्यांच्या रक्तातून आला नव्हता. तीन दिवसांच्या आजाराने तो त्यांच्या हातात दिला, आणि हा आजार तू माझ्यापेक्षा चांगला ओळखतेस. लग्न कर किंवा करू नकोस, पण या कारणासाठी नाही म्हणू नकोस.

आई म्हणते, सुंभ कुठे आहे ते तिने दाखवलं होतं, हे लिही. म्हणून लिहितो. त्या वेळी तिच्या हातातून रक्त वाहत होतं, हे मी माझ्याकडून लिहितो.

तुला मला काही बोलायचं असेल तर फोन कर. मी उचलेन.’

सही केली. एकदा वाचलं. ‘हेच शब्द’ हे दोनदा आलं आहे का बघितलं, नव्हतं. पाकीट चिकटवलं.

सोमवारी पोस्ट उघडल्याबरोबर गेलो. खिडकीवर विनीता होती. तिने पत्ता वाचला, मग माझ्या भुवईकडे बघितलं.

“काका, काय झालं? पडलात काय?”

“नाही. मारलं.”

ती पुन्हा पत्त्याकडे वळली. “स्पीड पोस्ट करू?” म्हणाली. “परवापर्यंत जाईल.”

“कर.”

तिने पाकीट वजनावर ठेवलं, शिक्का मारला आणि मागच्या पिशवीत टाकलं.